अण्णांचा आर्बन

आमच्या घरात ‘आर्बन’ हा शब्द देवपूजेइतकाच नित्याचा होता. पहाटे दूध येण्यापूर्वी अण्णा कॉर्नेट घेऊन माजघरात बसत आणि आई म्हणे, “यांचा आर्बन व्हायचाय अजून, चहा मागाहून टाकते.” आर्बन हे एका मनुष्याचे नाव आहे, हे मला पदवीधर झाल्यावर कळले! झां-बातीस्त आर्बन (१८२५-१८८९) हा पॅरिसचा कॉर्नेटवादक. त्याने १८६४ साली प्रसिद्ध केलेला पाठांचा ग्रंथ जगभरचे वादक आजही गिरवितात. अण्णांच्या प्रतीला मुखपृष्ठच नव्हते.

टपालवाल्याच्या शिंगाला दट्टे बसवून १८२८च्या सुमारास पॅरिसमध्ये हे वाद्य सिद्ध झाले. ट्रंपेटचे ते भावंडच. नळीची लांबीही तेवढीच. परंतु कॉर्नेटची नळी क्रमाक्रमाने रुंदावत जाते, म्हणून त्याचा स्वर अधिक मवाळ. एके काळी ज्यूल्स लेव्ही, सूझाच्या बँडमधील हर्बर्ट क्लार्क यांचे एकल वादन ऐकावयास सभागृहे भरून जात. न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनची कीर्ती तेवढी उरली, ध्वनिमुद्रिका एकही नाही. बिक्स बायडरबेक १९३१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. प्रत्यक्ष लुई आर्मस्ट्राँगनेही आरंभ कॉर्नेटवरच केला आणि पुढे ट्रंपेट जवळ केले. आपल्याकडे मात्र हे वाद्य वरातीत शिरले. तेथे वाजविणाऱ्यास पंगतीत पान नसते. मांडवामागे जे मिळेल ते उभ्याने खावे.

मला याची लाज वाटे. नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘खाजगी नोकरी’ असे लिहिले. माझ्या लग्नात बँड नको, असे मीच बजावले. अण्णा कोट घालून दुसऱ्या रांगेत बसले आणि काही बोलले नाहीत.

पुढे माझी बदली वाराणसीस झाली. गेल्या मार्गशीर्षात अण्णा आले. मला वाटले, विश्वनाथाच्या दर्शनाची घाई करतील. त्यांनी विचारले ते पंचगंगा घाटाजवळचे बालाजीचे देऊळ! बिस्मिल्ला खाँसाहेब तेथे रियाज करीत. सनईदेखील मूळची दारातलीच. लग्नमुंज आणि देवळातला नगारखाना हेच तिचे विश्व. खाँसाहेबांनी तिला मैफिलीत मानाने बसविले. १९५० साली प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिनी ती लाल किल्ल्यावर वाजली आणि २००१ साली खाँसाहेब भारतरत्न झाले. पायरीवर बसून अण्णा बराच वेळ गंगेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सनईचं नशीब थोर. तिला माणूस भेटला.”

सनईच्या छिद्रांवरून बोट हळूहळू सरकविता येते, म्हणून मींड निघते. कॉर्नेटला दट्टे तीनच. मींड काढावयाची तर दट्टा अर्धवट दाबून ओठांनी स्वर वाकवावा लागतो. या एका गोष्टीपायी अण्णांनी कित्येक वर्षे वेचली होती, आणि ऐकणारे कोण, तर वरातीत नाचणारे वऱ्हाडी!

परतताना गोदौलियाच्या चौकात वरात अडली. त्याच गर्दीत आमच्या कार्यालयाचे अधीक्षक भेटले. त्यांच्याशी अदबीने बोलत असता पाहतो, तो अण्णा बाजूला नाहीत. ते बँडमधील एका पोरसवदा कॉर्नेटवाल्यापुढे उभे होते आणि आपल्या मोडक्या हिंदीत, गाल फुगवू नकोस, फुंक पोटातून येऊ दे, असे सांगत होते. पोराने हसून वाद्यच त्यांच्या हाती दिले. अण्णांनी उपरण्याने मुखनळी पुसली. गाणे तेच, कोणत्याशा चित्रपटातले. परंतु दुसऱ्या ओळीवर त्यांनी अशी मींड घेतली की ढोलवाल्याचा हात आपसूक हलका झाला.

“हे कोण हो?” अधीक्षकांनी विचारले.

घसा कोरडा पडला. “माझे वडील,” मी म्हणालो. “आयुष्यभर वरातीत कॉर्नेट वाजवीत होते.”

“वा! म्हणजे तुमच्या लग्नात यांनीच वाजविले असेल.”

तेवढ्यात वरात हलली. अण्णा वाद्य न थांबविताच बँडबरोबर चालू लागले आणि खांद्यावरून घसरणारे उपरणे धरावयास त्यांनी मला मानेनेच खूण केली.