म्हाताऱ्याच्या रक्तवाहिन्या

लिओनार्दो म्हटलं की मोनालिसा आठवते ना? मला एक म्हातारा आठवतो. १५०७-०८चा हिवाळा, फ्लोरेन्सचं सांता मारिया नुओवा इस्पितळ. शंभरी उलटलीय, अशक्तपणा सोडला तर काही होत नाही, असं लिओनार्दोला सांगून काही तासांत हा माणूस खाटेवर बसल्याबसल्या गेला! इतकं गोड मरण कशानं आलं, हे बघायला लिओनार्दोनं शवविच्छेदन केलं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सुकून आक्रसलेली. एका चित्रात त्यानं म्हाताऱ्याच्या नागमोडी वाहिन्या नि तरुणाच्या सरळ वाहिन्या शेजारीशेजारी काढल्यात.

माझी आजी गेली तेव्हा सगळे म्हणाले, "वय झालं होतं." मला ते उत्तर कधीच पुरलं नाही. म्हणूनच असेल, ही चित्रं मला भेसूर वाटत नाहीत. गप्पा मारलेल्या माणसाचं वय झालं होतं, एवढ्यावर लिओनार्दोही थांबला नाही.