आईला भेटायचं होतं

मैत्रिणींनो, लेकीकडे म्हणा, लेकाकडे म्हणा, कधी विलायतेला गेलात आणि मँचेस्टरला उतरलात, तर विमानतळाजवळच स्टायल नावाचं खेडं आहे, ते अवश्य पाहा. झाडीत दडलेली विटांची जुनी सूतगिरणी, बोलिन नदी, कामगारांची लहान लहान घरं! गिरणी बांधली सॅम्युअल ग्रेगनं, १७८४ साली. नदीच्या पाण्यावर मोठं चाक फिरे आणि त्या चाकावर सारी यंत्रं. १९५९ पर्यंत तिथं धंदा चालला. आता नॅशनल ट्रस्ट ही संस्था सगळं जपते.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते जवळच्याच एका पांढऱ्या घरात. ते १७९० चं. गिरणीत राबणारी मुलं इथं राहत. एका वेळी नव्वदेक, त्यात मुलीच जास्त. गरीबखान्यांतून आणलेली, काही तर जेमतेम नऊ-दहा वर्षांची. दिवसाचे बारा तास काम. मजुरी म्हणजे अन्न, वस्त्र आणि निवारा.

आपण बायका कुणाच्याही घरी गेलो तरी नजर आधी चुलीकडे आणि अंथरुणाकडे जाते, नाही का? तशी इथंही गेली तर नाव ठेवायला फारशी जागा नाही. दुधातली लापशी, रविवारी मांस आणि बटाटे, बागेतला ताजा भाजीपाला. महिन्याला धुतलेल्या चादरी, दर रविवारी स्वच्छ सदरा. आजारपणात डॉक्टर. मालकीणबाई हॅना ग्रेग स्वतः मुलांना शिकवायच्या. त्या काळी इतर गिरण्यांत मुलांचे काय हाल होत, ते वाचलंत तर हे घर बरंच म्हणाल. (याच ग्रेगचा वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या कष्टावर चालणारा मळाही होता, तेही सांगून टाकते.)

आणि तरी १८०६ साली इथून दोन मुलगे पळाले. जोसेफ सेफ्टन सतरा वर्षांचा, टॉमस प्रीस्टली तेरा. दीडशे मैलांहून दूर, थेट लंडनकडे! मॅजिस्ट्रेटपुढं दिलेल्या त्यांच्या जबान्या अजून आहेत. वरची चादरी-सदऱ्याची हकीगत जोसेफनंच सांगितलेली. मालकाबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. टॉमसचं बोट यंत्रात सापडून तुटलं होतं. सहा आठवडे कामाला सुट्टी. तेवढ्या रिकामपणात त्याला आई आठवत राहिली.

दोघांनी कारण एकच सांगितलं: आईला भेटायचं होतं.