झाडांआधी गवत

खाणीने घेतलेली जमीन परत करायची म्हणजे तिच्यावर जंगल उभे करायचे, असे मी कित्येक वर्षे मानत आलो आणि लोकांनाही तेच सांगत आलो. वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-खडकाच्या, ढिगाऱ्यावर हिरवे काही दिसले की बरे वाटते. गावालगत माती-मुरमाचे डोंगर उभे असतात. त्यांच्यावर सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, शिसू उभी राहिली की थोडे तरी देणे फिटले असे वाटायचे. गवत लावा म्हणणारी माणसे मला स्वस्तात काम उरकणाऱ्यांच्या बाजूची वाटत. आज मी त्यांच्याच बाजूने बोलतो.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश आला. खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने ती जमीन आणि खाणकामामुळे बिघडलेली इतर जमीनही पुन्हा गवताखाली आणावी, चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाणीच्या आराखड्यात घालण्यास न्यायालयाने सांगितले. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश शरद बोबडे, आपले नागपूरचे. पर्यावरण मंत्रालयाने त्याच महिन्यात तसे पत्रक काढले. मी मात्र तेव्हा हळहळलो. एवढ्या मोठ्या न्यायालयाने जंगल मागायचे सोडून गवत का मागावे?

उत्तर मला एका ढिगाऱ्यावर मिळाले. लागवड जुनी होती, झाडे डोक्याच्या वर गेलेली. सोबत गावातले एक वयस्कर गुराखी होते. ते म्हणाले, "मास्तर, झाडं तं लय लावली, पण खाली गाय काय खाईन?" मी पहिल्यांदाच नीट खाली पाहिले. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या वाळक्या पानांचा थर होता. तो पायाने सारला तर खाली उघडा मुरूम, आणि पावसाने पाडलेल्या वीतभर खोल घळी थेट पायथ्याच्या नाल्याकडे गेलेल्या. थोडे पुढे, जिथे झाडे मेली होती, तिथे मारवेल आपसूक आले होते. पेऱ्यापेऱ्यावर पांढऱ्या केसांचे कडे असते, त्यावरून ते ओळखू येते. त्यांनी एक ठोंब उपटला. मुळांनी मुठीएवढी माती घट्ट धरून ठेवली होती. त्या उतारावर एवढी माती दुसऱ्या कशानेही धरलेली नव्हती.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून वाचला. उघड्या खाणीत थर उलटे होतात. वरची काळी माती आधी निघते, ती वेगळी रचून ठेवली नाही तर ढिगाच्या तळाशी जाते आणि खालचा निर्जीव खडक वर येतो. वेगळी ठेवलेली मातीही वर्षानुवर्षे उंच ढिगात पडून राहिली की तिच्यातले बी मरते, मुळांना साथ देणारी बुरशी मरते. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीवर 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची मळी, नत्र बांधणारे जिवाणू आणि ही बुरशी वापरून उजाड ढिगांवर झाडे वाढवून दाखवली. झाडे होऊच शकत नाहीत असे मला म्हणायचे नाही. पण आधी माती जिवंत करावी लागते, आणि आमच्या भागात ते काम स्वस्तात, लवकर आणि गुरांच्या पोटाला धरून करते ते गवत. मारवेल, पवन्या, अंजन, जोडीला स्टायलोसारखे द्विदल. बोर, पळस, साधी बाभूळ मागून, विरळ यावीत.

जे सोडून दिले तिथे काय होते, तेही आम्ही पाहतो आहोत. वेडी बाभूळ माजते. चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात खाणी आणि वीज केंद्राभोवतीच्या अशा झुडपांत वाघ-बिबटे राहू लागले, २०२२ मध्ये माणसांचे बळी गेले. दुरून हिरवे दिसते म्हणून त्याला जंगल म्हणायला मी आता तयार नाही.

गवत पेरले की काम झाले, असेही नाही. ढिगाचा उतार २८ अंशांच्या आत ठेवा, अशी अट अनेक मंजुऱ्यांत असते; गाईसाठी तोही उभाच. सुरुवातीची काही वर्षे चराईबंदी पाळून गवत कापून न्यावे लागते. आणि खडकात काय आहे ते पाहून चाऱ्यातले जड धातू तपासल्याशिवाय त्यावर गुरे सोडू नयेत, या बाबतीत मी कसलीही सवलत देणार नाही.

सगळ्यात कठीण गाठ मालकीची आहे. कोळशासाठीची जमीन बहुधा १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने जाते, त्यात गावाची ई-क्लास, म्हणजे गायरान जमीनही जाते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा काढून झालेल्या अशा जमिनी कोळसा आणि ऊर्जेच्या पायाभूत सुविधांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण मंजूर केले. अशा जमिनींवर येणाऱ्या सौर प्रकल्पांना माझा विरोध नाही. पण ज्या गावाचे गायरान गेले, त्या गावाची गुरे आज रस्त्याच्या कडेला चरतात आणि माणसे गुरे विकून मोकळी होतात. त्या गावाचा हक्क पहिला आहे.

म्हणून खाणपट्ट्यातल्या ग्रामसभांना माझी विनंती आहे. जनसुनावणीला किती झाडे लावणार हा एकच प्रश्न विचारून परत येऊ नका. कोळसा खाण बंद करण्याचा आराखडा २००९ पासून बंधनकारक आहे, त्यासाठी पैसाही वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तो आराखडा मागा. त्यात आपल्या गावाला किती हेक्टर कुरण, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या ताब्यात मिळणार, ते लिहून घ्या.