काचेच्या कपाटातील रिकामी जागा

डेन्व्हरला आम्ही गेलो ते चिरंजीवांच्या आग्रहास्तव. रॉकी पर्वताची हिमशिखरे पाहून डोळे निवले, परंतु मनात घर करून राहिले ते तेथील एका संग्रहालयातील शायेन मुलींच्या वस्तूंचे कपाट. हे शहर ज्या भूमीवर उभे आहे, ती १८५१ च्या करारान्वये शायेन व अरापाहो लोकांचीच मानली गेली होती.

कपाटात हरिणाच्या कातड्याचा एक झगा होता आणि इवलीशी पादत्राणे. त्यांवरील मणी मोहरीएवढे! सात-आठ मणी एकदम ओवायचे आणि ओळीच्या टोकांशीच टाका घालायचा, अशी ही रीत. मणी व्हेनिस-बोहेमियाकडचे, व्यापाऱ्यांनी आणलेले. त्यापूर्वी साळिंदराच्या रंगविलेल्या काट्यांचे भरतकाम होई. ते कोणीही करावे असे नव्हते; त्यासाठी स्त्रियांचे एक मंडळ असे आणि काम व्रतासारखे चाले. तीस झुली पुऱ्या करणाऱ्या स्त्रीचा मान मोठा.

मुलगी वयात आली की बाप तंबूच्या दारातून ती वार्ता साऱ्या वस्तीला ओरडून सांगे आणि ऐपत असल्यास घोडा दान करी. मुलीला न्हाऊ घालून वडीलधाऱ्या बायका तिचे अंग तांबड्या रंगाने माखीत. निखाऱ्यावर सुगंधी गवत व देवदारवर्गीय झाडाची पाने टाकून तिला धुरी देत. मग आजीसोबत चार दिवस वेगळ्या तंबूत. ग्रिनेल यांच्या १९२३ च्या ग्रंथात हे सारे सविस्तर आहे. आमच्या सौभाग्यवतींना आपल्या आजीने सांगितलेले मखर आठवले. तेही चारचौघांत मिरविलेले. तिकडे मात्र त्याची लाज कोणी शिकविली नव्हती, असे त्या म्हणाल्या. आम्ही निरुत्तर झालो.

जन्मतः तुटलेली नाळ वाळवून कासवाच्या वा सरड्याच्या आकाराच्या मणिजडित पिशवीत जपण्याची चाल होती. तशी पिशवी पाहावी म्हणून आम्ही शोधू लागलो, तो कपाटात एक रिकामी जागा आणि छोटी पाटी: जमातीशी विचारविनिमय करून वस्तू काढली आहे. पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा १९९० चा. त्या मांडण्यापूर्वी जमातीची संमती घेण्याचा नियम २०२४ पासून आहे. खरे सांगायचे तर प्रथम आम्ही थोडे हिरमुसलोच. इतक्या दूर येऊन मुख्य वस्तूच दिसू नये!

दुसऱ्या दिवशी मोटारीने सँड क्रीकला गेलो. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कर्नल चिव्हिंग्टनच्या सैन्याने येथे सुमारे दोनशे तीस शायेन-अरापाहो मारले; त्यांत बायका, मुले व म्हातारेच अधिक. मृतांचे केस व कातडी डेन्व्हरच्या नाट्यगृहात प्रेक्षकांना दाखविली गेली, हे तेथे कळले. ओढ्यात पाणी नव्हते. परतताना त्या रिकाम्या जागेबद्दल आम्ही पुन्हा कुरकुर केली नाही.