उंबऱ्याबाहेरचा
२०२४ च्या ज्येष्ठात प्राणिनिवाऱ्यातून आम्ही एक म्हातारा कुत्रा घरी आणला. गुबगुबीत पिले सोडून हाच का, असे तेथील माणसानेही विचारले. कानाचे टोक कापलेले. निर्बीजीकरण होऊन रेबीजची लस टोचल्याची ती खूण. आईचे समाधान तेवढ्याने होईना. “देवघराच्या घरात कुत्रे?” दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान असतात, हे मी बोललो नाही; तिच्या तसबिरीत ते रोज दिसतातच. कुत्रा मात्र कोणी न शिकवता उंबऱ्याबाहेरच बसे. पूर्वी कोठेतरी मार खाल्ला असावा. श्रावणात एका रात्री पाऊस पडवीत शिरला. पहाटे पाहतो तो कुत्रा उंबऱ्याच्या आत आणि अंगावर आईची जुनी घोंगडी. “मेला भिजत होता,” एवढेच म्हणून ती फुले खुडावयास गेली.