हाताशी आहे ते...



बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि आजचं लिहिणं जरा कबुलीजबाबासारखं आहे. घरी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. हे वाचून मुलीचा फोन येणार, त्याची तयारी ठेवलीय.

आमची मारुती ८०० तुम्हाला माहीतच आहे. २००८ साली निवृत्त झालो तेव्हा घेतलेली. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ मध्ये बंद केलं, आमची मात्र चालू आहे. २०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून घेतली. कोराडीहून नागपूर, फार तर सावनेर, एवढीच तिची धाव. म्हटलं, ऑइल बदलायला दर वेळी गॅरेज कशाला? जन्मभर मुलांना स्वावलंबन शिकवलं, आता आपण करून बघू.

हत्यारांची जमवाजमव पाच मिनिटांत झाली. नळ दुरुस्तीचा स्क्रू पाना. डिकीतला जॅक. जुनं प्लास्टिकचं घमेलं. आणि कंपाउंडच्या कामातून उरलेल्या राखेच्या विटा. आमच्याकडे १९७४ पासून वीज केंद्र आहे, त्यामुळे राखेला तोटा नाही आणि राखेच्या विटांनाही नाही. गाडी जॅकने उचलली, पुढे दोन्ही बाजूंना विटांची चळत लावली, जॅक उतरवून भार विटांवर घेतला आणि मी खाली सरकलो.

चेंबरचा बोल्ट सापडला. पाना लावला, जोर केला, पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. तिसऱ्या वेळी बोटांची सालटं निघाली आणि बोल्टचे कोपरे गोल व्हायला लागलेले दिसले. चिडून बाहेर आलो आणि शेजाऱ्यांकडे पाना मागायला गेलो. ते पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले फिटर, आयटीआय केलेले.

त्यांच्या व्हरांड्यातून आम्ही निघतच होतो, तेवढ्यात धप्प असा आवाज आला.

एका बाजूच्या विटेचा चुरा झाला होता आणि दुसरी चळत कलंडली होती. चाकं जमिनीवर टेकलेली. चेंबरखाली वीतभरही जागा उरली नव्हती. पाचच मिनिटांपूर्वी माझी छाती तिथे होती.

"सर, हे काय करून राहिले होते जी तुम्ही?" एवढंच ते म्हणाले. नंतर बराच वेळ आम्ही दोघं पायरीवर बसून होतो. चहा आला, तो कोणी प्यायला की नाही, आठवत नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या देखरेखीखाली काम नीट केलं. त्याआधी इतवारीतल्या लोहा ओळीत जाऊन गाडीखाली लावायच्या दोन लोखंडी घोड्या आणि रिंग पाना घेतला. त्यांनी पहिला धडा दिला तो हा: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. धरून ठेवायचं काम घोडीचं. वीट भिंतीत सारखा भार घेते, पण लोखंडाची कड एका जागी टेकली की ती काही न सांगता फुटते. सपाट पक्की जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी गुटके, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच घोडी, आणि खाली शिरण्याआधी गाडी हलवून बघायची.

दुसरा धडा पान्याचा. स्क्रू पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो आणि त्याचा जबडा ढिला पडतो. रिंग पाना सगळे कोपरे धरतो. माझा बोल्ट इतका बिघडला होता की बदलावाच लागला, सोबत नवा वायसर.

फिल्टर सोडवायला पट्ट्याचा पाना, पण बसवायचा मात्र हातानेच, रबरी रिंगला थोडं नवं तेल लावून. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, तेही बघायचं.

शेवटी बोल्ट आवळताना मी अंगात होता तेवढा जोर काढणार, तर त्यांनी हात धरला. आपला टॉर्क रेंच आणला. मी बी.ए.वाला, मराठी शिकवणारा. जोर गुणिले पान्याची लांबी हे पंचाहत्तरीत शिकलो. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर पंधरा किलोचा जोर दिला की सुमारे तीस न्यूटन-मीटर होतात. पाना दुप्पट लांब घेतला की तेवढ्याच जोराचे साठ. अशानेच चेंबरचे आटे जातात.

जळकं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिलं, तो ते पुनर्प्रक्रियेसाठी पाठवतो. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, नालीत ओतायचा नाही.

घोड्या आणि पान्याला झालेल्या खर्चात गॅरेजच्या कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या. सौ.ने हिशेब ऐकवलाच. असो.

मला मात्र राहून राहून एक जुनी गोष्ट आठवते. बदली तासाला एका मुलीने कंपास नव्हता म्हणून बांगडी ठेवून वर्तुळ काढलं होतं. मी तिला उभं केलं आणि वर्गासमोर म्हणालो, "हाताशी आहे ते चालवून घ्यायचं नसतं." तिचं वर्तुळ चांगलं गोल आलं होतं, आणि त्यात कुणाचा जीव जाणार नव्हता.

मंडळी, गाडीखाली जाणार असाल तर आधी घोड्या आणा. पाना नंतर.