नेम आणि नाव

रायफलींविषयीचे अमेरिकन लेखन मी भाषेच्या अभ्यासकाच्या कुतूहलाने वाचत आलो आहे. शेताकुरणाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांना तिकडे 'व्हार्मिंट' म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन 'वर्मिस', म्हणजे किडा. खारीच्या कुळातला, बिळांत वसाहत करून राहणारा प्रेअरी डॉग आणि कोल्ह्याच्या जातकुळीचा कायोटी, दोघेही या एकाच नावात सामावतात.

शस्त्राची निवड मात्र विलक्षण काटेकोर असते. दीडशे वारांपर्यंत .२२ हॉर्नेट पुरते. आवाज सौम्य, म्हणून वस्तीजवळ सोयीचे. अडीच-तीनशे वारांपर्यंत .२२३ रेमिंग्टन, धक्का अल्प, काडतूस स्वस्त. त्यापलीकडे, वाऱ्याच्या माळावर, .२२-२५०; गोळीचा मार्ग अधिक सरळ, पण नळीची झीजही अधिक. तिन्हींत गोळीचा व्यास जवळपास सारखाच. मुख्य फरक दारूच्या मापाचा. गोळी हलकी, पातळ कवचाची घेतात. जमिनीवर आदळताच ती फुटावी, उसळून कोणास लागू नये, हा हेतू.

या विवेकाविषयी मला आदर वाटतो. पण तो नेमापुरता आहे. नावाला त्याचा स्पर्श नाही. विषप्रयोग, नांगरट आणि रोगराई यांमुळे प्रेअरी डॉग घटले, तेव्हा त्यांच्यावरच जगणारे काळ्या पायांचे फेरेट इतके विरळ झाले की ते नामशेष मानले गेले. १९८१ साली वायोमिंगमध्ये ते पुन्हा आढळले. 'किडा' या नावात हा संबंध कुठेच दिसत नव्हता. कॅलिबर ठरवण्याआधी शब्द तपासावा, असे म्हणूनच मला वाटते.